मशीन चालू होताना ऐकायचं कोणाचं? इनिट स्क्रिप्ट सोडून सिस्टमडीवर येतानाचा अनुभव

आमच्या टीमकडे जी लिनक्स मशीन्स होती त्यातली बरीचशी जुन्या सिस-व्ही इनिटवर (मशीन चालू होताना बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी जुनी व्यवस्था) चालायची, आणि त्या लिनक्स व्हर्जनचा सपोर्ट संपत आला होता. म्हणजे अपग्रेड करणं भागच होतं, आणि नव्या व्हर्जनमध्ये डीफॉल्ट सिस्टमडी, म्हणजे त्याच कामाची नवी व्यवस्था. वाचायला हे साधं वाटतं, पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारा यावरून टीममध्ये काय काय होतं ते. आमच्याकडेही झालं, भरपूर झालं. एका बाजूला आमचे सीनियर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी कित्येक वर्षं युनिक्सची मशीन्स सांभाळलीत आणि सिस्टमडीचं नाव काढलं की त्यांचा चेहराच बदलतो, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं-तिघं, ज्यांना त्या जुन्या स्क्रिप्ट्सचा, म्हणजे कमांड्स लिहिलेल्या फाइल्सचा, कंटाळा आलेला. सगळ्या स्क्रिप्ट्स तपासून त्यांच्या जागी युनिट फाइल्स (सिस्टमडीसाठीच्या छोट्या सूचना-फाइल्स) लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते करताना काय दिसलं, कशावर भांडलो आणि कुठे कोणाचं पटलं ते लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा वाद मशीन किती सेकंदात बूट होतं याचा नाहीये. लॅपटॉपवाल्यांना त्यात रस असेल, पण सर्व्हर वर्षातून मोजक्या वेळा रीबूट होतो, त्याला दहा सेकंद जास्त लागले तर कोणाचं काय जातंय. खरा वाद असा आहे की बूट होताना एखादी गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही, तर थांबायचं, पुढे जायचं की परत प्रयत्न करायचा हे कोण ठरवणार, आणि ते ठरवलेलं कुठे लिहिलेलं असणार. मला हे काम संपताना कळलं, सुरुवातीला मीही सेकंदच मोजत होतो, सगळे तेच मोजतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लोड झाला की तो स्वतःच्या बाहेरचा, यूजरस्पेसमधला, एकच प्रोसेस (चालू प्रोग्राम) सुरू करतो, त्याचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, १. बाकीचं सगळं त्याच्यापासून किंवा त्याच्या पोराबाळांपासून सुरू होतं, आईबाप मेलेले प्रोसेस त्याच्याच पदरात येतात, आणि तो स्वतः मेला तर कर्नल पॅनिक, मशीन बंद. सिस-व्ही पद्धतीत हा पीआयडी १ अगदी छोटा असतो, तो इनिटटॅब नावाची सेटिंग फाइल वाचतो, कुठल्या रनलेव्हलला (मशीन कुठल्या अवस्थेत चालवायचं ती पातळी) जायचं ते बघतो, आणि मग त्या रनलेव्हलच्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट्स नंबरच्या क्रमाने चालवल्या जातात, एस२० आधी, एस८० नंतर, बंद करताना के-वाल्या. अक्कल सगळी त्या शेल स्क्रिप्ट्समध्ये. सरांचा मुद्दा हाच, की बाबा रे काही अडलं तर फाइल उघड, वाच, वरून खाली सगळं लिहिलेलं आहे, त्यात एक इको (स्क्रीनवर मजकूर दाखवणारी कमांड) टाक आणि परत चालव, पीआयडी १ च्या पोटात काय चाललंय हे शोधत बसायची गरजच नाही.

आणि हे खरं आहे. पण मी जेव्हा फाइल्स उघडून वाचायला लागलो तेव्हा दुसरी बाजू दिसली.

आमच्याकडे एक रिपोर्ट बनवणारी सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, होती, तिची इनिट स्क्रिप्ट दोनशेच्या आसपास ओळींची. त्यातलं खरं काम, म्हणजे प्रोग्राम सुरू करणं, एका ओळीत. बाकी सगळं काय तर प्रोसेस बॅकग्राउंडला टाकणं, त्याचा पीआयडी एका फाइलमध्ये लिहून ठेवणं, आधीची पीआयडी फाइल पडलेली असेल तर ती खरी की शिळी ते तपासणं, स्टॉप करताना आधी टर्म सिग्नल (बंद हो अशी विनंती) पाठवून थोडं थांबणं आणि मग किल (जबरदस्तीने बंद) पाठवणं, लॉक फाइल, यूजर बदलणं, उमास्क (नव्या फाइल्सच्या परवानग्या). मधेच एक स्लीप १०, म्हणजे दहा सेकंद नुसतं थांब, आणि वर कॉमेंट, की हे काढू नका. का काढू नका हे लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं तो माणूस केव्हाच सोडून गेलेला. दुसऱ्या सर्व्हिसची स्क्रिप्ट उघडली तर तेच सगळं, पण थोडं वेगळं, तिथे शिळी पीआयडी फाइल तपासायची पद्धत निराळी. तिसरीत तपासणीच नाही. म्हणजे प्रत्येकाने आपापल्या परीने तेच चाक परत बनवलेलं, आणि प्रत्येकाचं चाक वेगळ्या जागी वाकडं.

पीआयडी फाइलचा घोळ नीट सांगतो कारण माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. प्रोसेस क्रॅश झाला तर फाइल तशीच राहते, त्यात समजा ४३१२ लिहिलंय. जुन्या सिस्टिम्सवर पीआयडी डीफॉल्टने ३२७६८ पर्यंतच जायचे आणि मग परत खालून सुरू व्हायचे, त्यामुळे बिझी मशीनवर काही वेळाने ४३१२ हा नंबर दुसऱ्याच कोणाला तरी मिळतो. आता स्टेटस विचारा, स्क्रिप्ट बघते ४३१२ जिवंत आहे का, आहे, मग सांगते सर्व्हिस चालू आहे. स्टॉप म्हणा, ती दुसऱ्याच प्रोसेसला मारते. आम्ही टेस्ट मशीनवर हे मुद्दाम घडवून बघितलं, सर्व्हिस मारली, फाइलमध्ये एका साध्या स्लीप कमांडचा पीआयडी टाकला आणि स्टेटस विचारलं, हिरवं ओके आलं. सर शेजारी उभे होते, म्हणाले, "हे माहितीये मला, म्हणून तर चांगली स्क्रिप्ट लिहायची असते." मी म्हटलं, "सर, चांगली लिहूनही खात्री देता येत नाही, कारण स्क्रिप्ट संपून गेलेली असते, ज्याने प्रोसेस सुरू केला तोच हजर नाही." यावर ते गप्प बसले नाहीत, पण विषय थोडा पुढे सरकला.

कारण प्रोसेसचा आईबाप मेल्यावर तो जातो पीआयडी १ कडेच, आणि सिस-व्हीचा पीआयडी १ त्याला दत्तक घेतो पण त्याचं नावगाव ठेवत नाही. इनिटटॅबमध्ये रीस्पॉन नावाची सोय होती, ती लॉगिनच्या टर्मिनल्ससाठी वापरायचे, पण सर्व्हिसेससाठी बहुतेक कोणी वापरली नाही. त्यामुळे सर्व्हिस मेली तर उठवायला बाहेरून वेगळं मॉनिटरिंग, किंवा दर पाच मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय).

युनिट फाइल लिहायला घेतली तर ती दोनशे ओळींची स्क्रिप्ट बारा-पंधरा ओळींत बसली. प्रोग्रामला बॅकग्राउंडला जायचा ऑप्शन होता तो काढला, टाइप सिंपल, यूजर कोण, वर्किंग डिरेक्टरी कुठली, एक्झेकस्टार्टला (चालवायची कमांड) पूर्ण पाथ, रीस्टार्ट ऑन-फेल्युअर, झालं. पीआयडी फाइलच नाही. सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला वेगळ्या सी-ग्रुपमध्ये (कर्नल सांभाळतो तो प्रोसेसचा गट) ठेवतं, आणि प्रोसेसने दोनदा फोर्क करून, म्हणजे स्वतःची प्रत काढून, पळायचा प्रयत्न केला तरी त्याचा सी-ग्रुप बदलत नाही, म्हणजे कोण कोणाचा हे कर्नललाच माहीत असतं. ही रिपोर्टवाली सर्व्हिस काही वर्कर (हाताखालचे) प्रोसेस सोडायची, आणि जुन्या पद्धतीत स्टॉप केल्यावर मुख्य प्रोसेस मरायचा पण एखादा वर्कर नेटवर्कचा पोर्ट धरून बसायचा, मग स्टार्ट फेल, मग कोणीतरी हाताने पीएस (प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) करून शोधून मारणार. नव्या पद्धतीत स्टॉप केलं की अख्खा ग्रुप साफ. हे सरांना दाखवलं, त्यांनी स्वतः तीन-चार प्रकारे वर्कर लपवायचा प्रयत्न केला, दरवेळी स्टेटसमध्ये झाडासारखी यादी आली आणि त्यात तो दिसलाच. "हे बरंय," एवढंच म्हणाले. सरांच्या तोंडून हे म्हणजे खूप झालं.

अजून एक फरक पडला जो मला फार महत्त्वाचा वाटतो पण वादात कोणी काढत नाही. जुनी स्क्रिप्ट तुम्ही एसएसएचवरून (नेटवर्कवरून, दुरून) लॉगिन करून हाताने रीस्टार्ट केली की ती तुमचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे तुमच्या लॉगिनची सेटिंग्ज, घेऊन चालते, तुमचा पाथ, तुमचं लोकॅल (भाषेची सेटिंग), तुमच्या ओपन फाइल्सची लिमिट. तीच बूटच्या वेळी चालली की वेगळं. म्हणून "हाताने चालू होते, रीबूटनंतर होत नाही" हा प्रकार, ज्याने हे काम केलंय त्या प्रत्येकाने भोगलाय. सिस्टमडीमध्ये तुम्ही फक्त निरोप देता, सुरू करणारा पीआयडी १च असतो, बूटला असो वा दुपारी तीन वाजता, वातावरण तेच आणि कोरं. याचा उलटा त्रासही झाला, कारण दोन सर्व्हिसेस वर्षानुवर्षं कोणाच्या तरी प्रोफाइलमधल्या व्हेरिएबलवर चालत होत्या हे तेव्हा उघडं पडलं, ते शोधण्यात बराच वेळ गेला. पण ते उघडं पडलं हे चांगलंच झालं असं मी म्हणेन.

मग क्रमाचा प्रश्न. नंबरांची पद्धत सोपी, डेटाबेस एस६० आणि ॲप एस८०, म्हणजे डेटाबेस आधी. युनिटमध्ये आफ्टर वेगळं आणि रिक्वायर्स वेगळं, आणि इथे निम्मी दुनिया अडकते. आफ्टर म्हणजे फक्त क्रम, ती दुसरी गोष्ट सुरू होणार असेल तर तिच्यानंतर. रिक्वायर्स म्हणजे ती लागतेच, पण क्रम नाही सांगितला तर दोन्ही एकदम सुरू. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहायचं. आणि त्याखाली वॉन्ट्स, म्हणजे असेल तर बरं, नसेल तर चालवून घेऊ. सुरुवातीला हे किचकट वाटतं, सरांनी तर याच्यावरून मला बराच वेळ सुनावलं, की एका नंबरात जे होतं त्याला आता तीन शब्द. मला मात्र वाटतं की नंबरात ते होतंच कुठे? एस६० फेल झालं तरी एस८० चालायचंच, ॲप उभं राहायचं आणि डेटाबेस नाही म्हणून ओरडत बसायचं. नंबर फक्त क्रम सांगायचा, गरज सांगायचाच नाही, ती आपल्या डोक्यात असायची.

तो स्लीप १० कशासाठी होता ते पण इथेच कळलं. डेटाबेसची स्क्रिप्ट संपायची म्हणजे प्रोसेस सुरू झालेला असायचा, पण कनेक्शन घ्यायला तयार व्हायला त्याला अजून काही सेकंद लागायचे. कोणीतरी दहा सेकंद टाकून मोकळा झाला. सिस्टमडीत टाइप सिंपल ठेवलं तर नेमका हाच प्रश्न राहतो, प्रोसेस सुरू झाला की झालं असंच ते धरतं. त्याऐवजी टाइप नोटिफाय, म्हणजे प्रोग्राम स्वतः एका सॉकेटवर (प्रोसेसनी एकमेकांशी बोलायची वाट) "मी तयार आहे" असा छोटा निरोप पाठवतो आणि मगच पुढचे हलतात. आमच्या डेटाबेसला ते येत होतं, स्लीप गेला.

याच नोटिफायवरून सरांनी नंतर मला २०२४ सालचं एक्सझेड (फाइल्स कॉम्प्रेस करणारं सॉफ्टवेअर) प्रकरण ऐकवलं, आणि बरोबरच ऐकवलं. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेडच्या लायब्ररीत बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) सापडला, आणि तो एसएसएच सर्व्हरपर्यंत पोचला कसा तर काही डिस्ट्रोंनी (लिनक्सची तयार संच बनवणाऱ्यांनी) एसएसएचला हा तयार असल्याचा निरोप पाठवता यावा म्हणून सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या मागोमाग ती कॉम्प्रेशनची लायब्ररी आत आली. एवढासा निरोप, त्यासाठी केवढं ओझं. निरोपाचा प्रोटोकॉल इतका साधा आहे की लायब्ररीशिवाय काही ओळींत लिहिता येतो, आणि तो एसएसएच सर्व्हर बनवणाऱ्या ओपनएसएसएचवाल्यांनी त्याच वर्षी तसं स्वतःचं लिहिलंही. म्हणजे कल्पना चांगली, पण तिच्याबरोबर काय काय घरात येतं हे बघितलं पाहिजे, हा मुद्दा मी मान्य केला, आजही करतो.

आता ज्या प्रकारामुळे वाद सगळ्यात पेटला तो. एक टेस्ट मशीन अपग्रेड करून रीबूट केलं आणि ते आलंच नाही. पिंग नाही, एसएसएच नाही. कन्सोल उघडून बघितलं तर एक लाल ठिपका इकडून तिकडे फिरतोय, समोर "स्टार्ट जॉब इज रनिंग" आणि घड्याळ, कमाल मर्यादा दीड मिनिट. दीड मिनिट झालं आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, रूटचा (मुख्य ॲडमिनचा) पासवर्ड मागत उभं. कारण काय, तर एफएसटॅबमध्ये (बूटला कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एका बॅकअप डिस्कची ओळ होती, ती डिस्क केव्हाच काढून टाकलेली. जुना इनिट काय करायचा, माउंट नाही झालं, म्हणजे डिस्क जोडली गेली नाही, तर एक एरर स्क्रीनवर टाकला आणि पुढे निघाला, कोणाला पत्ताही नाही. सिस्टमडी म्हणतं की तुम्ही इथे लिहिलंय ही डिस्क हवी, ती नाहीये, मी पुढे जाणार नाही.

सर त्या दिवशी मनापासून चिडले. म्हणाले, "हे मशीन जिथे आपल्यापैकी कोणी जाऊ शकत नाही तिथे असतं तर? बॅकअपची एक रिकामी डिस्क नाही म्हणून एसएसएच सुद्धा चालू होऊ नये? माझं मशीन आहे, ते उभं राहायचं की नाही हे मी ठरवणार, हे नाही." मी त्यांच्या बाजूनेच विचार करत बसलो. कारण दुसरी बाजू पण तितकीच खरी आहे, समजा ती बॅकअपची नसून डेटाची डिस्क असती, तर जुन्या पद्धतीत डेटाबेस रिकाम्या फोल्डरवर उभा राहिला असता आणि नवीन कोरा डेटा लिहायला लागला असता. तेव्हा थांबणंच शहाणपणाचं. म्हणजे थांबायचं की पुढे जायचं याचं उत्तर डिस्कगणिक वेगळं आहे, आणि जुन्या एफएसटॅबमध्ये ते उत्तर लिहिलेलंच नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं कोणी. नोफेल लिहिलं की डिस्क नसली तरी मशीन पुढे जातं, किती वेळ वाट बघायची तेही त्याच ओळीत लिहिता येतं. मग आम्ही दोघांनी बसून प्रत्येक मशीनची एफएसटॅब ओळ न् ओळ बघितली आणि प्रत्येक डिस्कबद्दल ठरवलं. सरांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच होतं की जुन्या ओळीचा अर्थ बदलायला नको होता, नवं वागणं हवं असेल तर नवा शब्द काढायचा, आणि याबाबतीत मी त्यांच्याच बाजूचा आहे. अनेक वर्षं एका पद्धतीने चालणारी गोष्ट तेच लिहिलेलं असताना वेगळी वागायला लागली की माणसाचा विश्वास उडतो, मग तुमचं लॉजिक कितीही बरोबर असो.

हाच प्रकार २०१६ मध्ये पण झाला होता. सिस्टमडी २३० मध्ये लॉगआउट केल्यावर यूजरचे उरलेले सगळे प्रोसेस मारायचे हे डीफॉल्ट केलं, त्यात लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारं टीमक्स, स्क्रीन, नोहप सगळं आलं. म्हणजे रात्री एखादं मोठं काम टीमक्समध्ये लावून लॉगआउट करायचं ही जी पिढ्यान् पिढ्यांची सवय, ती एका सेटिंगने मोडली. डेबियनसारख्या डिस्ट्रोंनी ते आपल्याकडे बंद ठेवलं म्हणून अनेकांना कळलंही नाही. पण सरांसारखी माणसं हे विसरत नाहीत, आणि का विसरावं?

या सगळ्यात मी जुने वाद वाचायला लागलो, कारण आमच्या टेबलावर जे चाललंय ते कोणीतरी आधी भांडून झालेलं असणार असं वाटलं, आणि होतंच. एक तर सिस-व्ही बदलायला हवं हे बऱ्याच आधीपासून लोकांना पटलेलं होतं. सोलारिस १० या युनिक्समध्ये एसएमएफ आणि मॅकमध्ये लाँचडी, हे दोन्ही पर्याय २००५ मध्ये आले. उबुंटूने २००६ मध्ये अपस्टार्ट आणलं, घटनांवर चालणारं, रेड हॅटच्या ६ व्या व्हर्जनमध्येही तेच होतं. अपस्टार्टवर मी थोडं काम केलंय, त्यात सर्व्हिस किती वेळा फोर्क करते हे आपण सांगायचं असायचं आणि ते चुकलं तर तो जॉब असा अडकायचा की बहुतेक वेळा रीबूटच करावा लागायचा. मग एप्रिल २०१० मध्ये सिस्टमडीचे एक निर्माते लेनार्ट पोटरिंग यांनी पीआयडी १ नव्याने कसा हवा यावर मोठा लेख लिहिला, २०११ मध्ये फेडोरा १५ या डिस्ट्रोमध्ये सिस्टमडी डीफॉल्ट झालं, आणि तिथून पुढे एकेक डिस्ट्रो.

सगळ्यात वाचण्यासारखं डेबियनचं. २०१३ च्या शेवटी हा प्रश्न त्यांच्या टेक्निकल कमिटीकडे गेला, बग नंबर ७२७७०८, आणि तिथे आठ जण महिनोन् महिने लिहीत होते, मतदान झालं तर सिस्टमडी आणि अपस्टार्टमध्ये चार-चार, मग अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने फेब्रुवारी २०१४ मध्ये सिस्टमडी. थोड्याच दिवसांत उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उबुंटूही तिकडेच जाणार असं सांगून टाकलं, स्वतःचं अपस्टार्ट असताना. पण भांडण संपलं नाही, नोव्हेंबर २०१४ मध्ये सगळ्या डेबियन डेव्हलपर्सचं मतदान, त्यात जिंकलेला पर्याय असा की या विषयावर ठरावाची गरजच नाही. त्याच महिन्यात काही जणांनी वेगळं होऊन डेवुआन (सिस्टमडीशिवायचं डेबियन) सुरू करायचं जाहीर केलं, त्याचं १.० यायला २०१७ उजाडलं. आणि २०१९ मध्ये डेबियनमध्ये परत मतदान, तेव्हा ठरलं की सिस्टमडी मुख्य, पण पर्याय शोधणाऱ्यांना साथ.

ते सगळं वाचताना एक जाणवलं, की दोन वेगळे वाद एकमेकांत गुंतलेत. एक वाद, सर्व्हिसवर लक्ष ठेवायचं काम पीआयडी १ ने करावं का. दुसरा वाद, त्याच प्रोजेक्टने लॉग (मशीनच्या नोंदी), लॉगिन, वेळ, डीएनएस, नेटवर्क हे सगळं आपल्या छत्राखाली घ्यावं का. पहिल्यात मी पूर्ण सिस्टमडीच्या बाजूने आहे, पीआयडी फाइलचा तो प्रकार बघितल्यावर दुसरं मत होऊच शकत नाही माझं. दुसऱ्यात नाही. ग्नोम डेस्कटॉपला लॉगिनडी (सिस्टमडीचा लॉगिन सांभाळणारा भाग) लागायला लागलं तेव्हा इनिटचा निर्णय इनिटपुरता राहिलाच नाही, म्हणून तर इलॉगिनडी नावाने तो तुकडा वेगळा काढावा लागला. लोक भांडतात पहिल्यावर आणि रागावलेले असतात दुसऱ्यामुळे, त्यामुळे उत्तर कोणालाच मिळत नाही.

लॉगचंच घ्या. सिस्टमडीचा लॉग, म्हणजे जर्नल, बायनरी फॉरमॅटमध्ये, साध्या टेक्स्टमध्ये नाही. सरांचं म्हणणं, मशीन पडलं, डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर मला साध्या ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) वाचता आलं पाहिजे. मी त्यांना दाखवलं की दुसऱ्या मशीनवर जर्नलसीटीएलला (जर्नल वाचायची कमांड) तो फोल्डर दिला की वाचता येतं, त्यावर त्यांचं उत्तर, "रेस्क्यू डिस्कवर जर्नलसीटीएल नसेल तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय व्हार लॉगमध्ये जर्नल नावाचा फोल्डर नसेल तर आमच्या व्हर्जनच्या डीफॉल्ट सेटिंगमध्ये जर्नल फक्त मेमरीत राहतं, रीबूट केलं की मागचं गेलं, आणि क्रॅशनंतर तुम्हाला मागचंच तर हवं असतं. दुसरीकडे एका सर्व्हिसचे कालचे दोन ते तीनमधले लॉग, तिच्या सगळ्या वर्कर्ससकट, एका कमांडमध्ये मिळणं ही सवय लागली की सुटत नाही. आम्ही शेवटी दोन्ही ठेवलं, जर्नल डिस्कवर आणि सोबत आरसिसलॉग, साध्या टेक्स्ट फाइल्स. थोडी जागा जास्त जाते, जाऊ दे.

सरांचं समाधान व्हावं म्हणून नाही, मला स्वतःलाच बघायचं होतं म्हणून एक मशीन रनइटवर (सिस्टमडीला पर्याय असलेली छोटी इनिट व्यवस्था) पण उभं केलं. रनइट मला खूप आवडलं, हे मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक सर्व्हिसचा एक फोल्डर, त्यात रन नावाची स्क्रिप्ट, तीन-चार ओळींची, शेवटी एक्झेक करून प्रोग्राम फोरग्राउंडला. प्रत्येकावर एक छोटा पहारेकरी प्रोसेस, मेला की परत उठवतो. पीआयडी १ एवढासा. म्हणजे लक्ष ठेवायचं काम सिस्टमडीशिवाय होतच नाही असं अजिबात नाही. सर तर खूशच झाले. पण क्रम आणि गरज यासाठी तिथे वेगळी सोय नाही, डेटाबेस तयार नसेल तर तुमच्या रन स्क्रिप्टने फेल व्हायचं आणि परत प्रयत्न व्हायचा, चालतं ते, बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतं. आमच्याकडे अडचण अशी आली की आम्ही जी तयार पॅकेजेस वापरतो ती सगळी युनिट फाइल घेऊन येतात, रन स्क्रिप्ट आपली आपण लिहायची आणि प्रत्येक अपडेटला तपासायची. ती मेहनत करायला माणसं नव्हती. निर्णय तांत्रिक गुणांवर झाला असं मी म्हणणार नाही, तो असा झाला.

रीस्टार्टचा एक बारकावा राहिला, कोणाच्या तरी कामाला येईल. रीस्टार्ट ऑन-फेल्युअर लिहिलं की झालं असं वाटतं, पण डीफॉल्टने परत सुरू करण्याआधी फक्त १०० मिलिसेकंद थांबतं, आणि १० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू करायची वेळ आली तर नाद सोडून देतं, सर्व्हिस फेल्ड. म्हणजे डेटाबेस अर्धा मिनिट गायब झाला तर तुमचं ॲप डोळ्याचं पातं लवायच्या आत पाच वेळा मरून कायमचं झोपतं, आणि डेटाबेस आला तरी उठत नाही. रीस्टार्टसेक, म्हणजे मधे थांबायचा वेळ, पाच सेकंद केलं की ती मर्यादा गाठलीच जात नाही, ते प्रयत्न करत राहतं. यातलं कुठलं हवं हे पण सर्व्हिसगणिक वेगळं. पेमेंटसारख्या गोष्टीला मी कायम प्रयत्न करत राहा असं सांगणार नाही, तिथे थांबून माणसाला उठवलेलं बरं.

शेवटी आम्ही प्रत्येक युनिट फाइलमध्ये वरती दोन ओळींची कॉमेंट सक्तीची केली, ही गोष्ट नाही मिळाली तर थांबायचं, पुढे जायचं की प्रयत्न करत राहायचं, आणि का. ही कल्पना सरांची, त्या स्लीप १० च्या कॉमेंटवरून सुचलेली. बाकी मशीन्स सिस्टमडीवर गेली, नेटवर्क आणि डीएनएस मात्र आम्ही त्याच्याकडे दिलं नाही, ते आधी होतं तसंच आहे. दोन जुन्या स्क्रिप्ट्स अजून आहेत, सिस्टमडी त्यांना बूटच्या वेळी आपोआप युनिटमध्ये गुंडाळून चालवतं, पण ही सोय काढून टाकणार असं प्रोजेक्टने सांगितलेलं आहे, त्यामुळे पुढच्या अपग्रेडच्या आधी त्या लिहाव्या लागतील. त्यातली एक सरांनी स्वतःकडे घेतलीये.